रोहिणी हट्टंगडी

रोहिणी हट्टंगडी (पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक, जन्म : ११ एप्रिल) या मराठी व हिंदी रंगभूमी, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही माध्यमांत काम करणाऱ्या ज्येष्ठ भारतीय अभिनेत्री आहेत. रिचर्ड ॲटनबरो दिग्दर्शित 'गांधी' (१९८२) या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा 'बाफ्टा' पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रातील घराघरांत त्यांचा चेहरा परिचित झाला तो मात्र मुख्यतः 'चार दिवस सासूचे' (२००१–२०१३) आणि 'होणार सून मी ह्या घरची' (२०१३–२०१६) या दैनंदिन मालिकांमुळे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, फिल्मफेअर पुरस्कार आणि संगीत नाटक अकादमी पुरस्कार यांनी त्या सन्मानित आहेत.

== बालपण आणि शिक्षण ==

रोहिणी ओक यांचे बालपण पुण्यात गेले. रेणुका स्वरूप मेमोरियल गर्ल्स हायस्कूल या शाळेत त्यांचे शालेय शिक्षण झाले. अभिनयाची ओढ लहानपणापासून होती. तिला जोड मिळाली ती नृत्यशिक्षणाची. सुरेंद्र वडगावकर यांच्याकडे त्यांनी अनेक वर्षे कथकली व भरतनाट्यम या नृत्यशैलींचे शिक्षण घेतले. पुढील काळात त्यांच्या अभिनयात जी शरीरभाषेची नेमकी जाण आणि डोळ्यांचा संयत वापर दिसतो, त्याची पाळेमुळे या नृत्यशिक्षणात शोधता येतात.

पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे शिक्षण घ्यावे, अशी त्यांची मूळ इच्छा होती. ती पूर्ण होऊ शकली नाही. त्यामुळे १९७१ मध्ये त्यांनी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेश घेतला. त्या वेळी इब्राहिम अल्काझी हे विद्यालयाचे संचालक होते. अल्काझींच्या शिस्तीत विद्यार्थ्याला केवळ अभिनय शिकून भागत नसे. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा, रंगमंच-व्यवस्था, जगभरच्या नाट्यपरंपरा यांचाही अभ्यास करावा लागे. कर्नाटकातील यक्षगान आणि जपानमधील काबुकी या परस्परांहून सर्वस्वी भिन्न अशा शैलीबद्ध नाट्यप्रकारांतील प्रयोगांत भाग घेण्याची संधी रोहिणी यांना विद्यार्थिदशेतच मिळाली. या दोन्ही प्रकारांत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले आहेत, हे लक्षात घेता या अनुभवाचे महत्त्व अधिक जाणवते.

नाट्य विद्यालयात जयदेव हट्टंगडी हे त्यांचे सहाध्यायी होते. पुढे दोघांचा विवाह झाला. जयदेव हट्टंगडी हे दिग्दर्शक व नाट्यशिक्षक म्हणून ख्यातनाम झाले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. या दांपत्याचे पुत्र असीम हट्टंगडी हेही रंगभूमीवर काम करतात.

== रंगभूमी ==

=== प्रायोगिक नाटके ===

शिक्षण संपल्यानंतर हट्टंगडी दांपत्य मुंबईत आले. तो काळ मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या बहराचा होता. अरविंद व सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींची 'आविष्कार' ही संस्था दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नवनवे प्रयोग सादर करीत होती. मर्यादित खर्च, छोटी जागा आणि प्रेक्षकांशी जवळीक ही या रंगभूमीची वैशिष्ट्ये होती. जयदेव आणि रोहिणी हट्टंगडी या वर्तुळाशी जोडले गेले.

या काळातील त्यांच्या गाजलेल्या भूमिकांपैकी एक म्हणजे 'चांगुणा'. स्पॅनिश नाटककार फेदेरिको गार्सिया लोर्का यांच्या 'येर्मा' या शोकात्मिकेचे हे मराठी रूप असून त्याचे दिग्दर्शन जयदेव हट्टंगडी यांनी केले होते. मूल होत नाही म्हणून आतून जळत राहणाऱ्या ग्रामीण स्त्रीची ही कथा आहे. मराठी लोककथेत चांगुणा हे चिलया बाळाच्या आईचे नाव. मातृत्वाची आस हा नाटकाचा विषय असल्याने हे नाव मराठी प्रेक्षकाच्या मनात वेगळे पडसाद उमटवते. 'मेडिआ' या ग्रीक शोकात्मिकेतील मध्यवर्ती भूमिकाही त्यांनी जयदेव हट्टंगडी यांच्याच दिग्दर्शनाखाली केली. एक स्त्री मुलासाठी झुरणारी, तर दुसरी सूडापोटी स्वतःच्याच मुलांचा जीव घेणारी. मातृत्वाची ही दोन टोके त्यांनी कारकिर्दीच्या आरंभीच हाताळली होती.

१९८१ मध्ये विजय तेंडुलकर यांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात मित्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमित्रा देव या तरुणीची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. स्त्रीबद्दल वाटणाऱ्या ओढीचा स्वतःशी आणि समाजाशी मेळ घालू पाहणारी, त्यात उद्ध्वस्त होणारी नायिका मराठी रंगभूमीला तेव्हा सर्वस्वी नवी होती. व्यावसायिक यशाची खात्री नसताना, किंबहुना प्रतिमेला धोका असतानाही त्यांनी ही भूमिका स्वीकारली, हे त्यांच्या कारकिर्दीचा विचार करताना नोंदवण्याजोगे आहे.

=== व्यावसायिक नाटके व एकपात्री प्रयोग ===

वसंत कानेटकर यांच्या 'कस्तुरीमृग' या नाटकातील भूमिकेमुळे त्या व्यावसायिक रंगभूमीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचल्या. मराठीतील आद्य स्त्री नाटककारांत गणल्या जाणाऱ्या हिराबाई पेडणेकर यांच्या जीवनावरून हे नाटक सुचले आहे. कलावंतिणीच्या घरात जन्मलेल्या, नाट्यलेखनाचे स्वप्न पाहणाऱ्या आणि अखेरीस नाट्यविश्वापासून दूर गेलेल्या स्त्रीचा दीर्घ जीवनपट त्यात येतो. वयाचे निरनिराळे टप्पे एकाच प्रयोगात उभे करण्याचे आव्हान त्या भूमिकेत होते.

'अपराजिता' हा त्यांचा एकपात्री प्रयोगही जयदेव हट्टंगडी यांनी दिग्दर्शित केला होता. रंगमंचावर दुसरे पात्र नसताना दोन तास प्रेक्षकांना बांधून ठेवण्यासाठी आवाजाचे चढउतार, हालचालींतील बदल आणि विरामांचा वापर यांवर विलक्षण हुकमत लागते. हा प्रयोग त्यांनी हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांत केला.

=== 'चारचौघी' (२०२२) ===

प्रशांत दळवी लिखित व चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित 'चारचौघी' हे नाटक १९९१ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले आणि त्यातील धीट विषयामुळे गाजले. २०२२ मध्ये त्याच दिग्दर्शकाने ते नव्या संचात पुन्हा सादर केले. त्यात आईची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी, तर तिन्ही मुलींच्या भूमिका मुक्ता बर्वे, कादंबरी कदम आणि पर्ण पेठे यांनी केल्या. विवाहाच्या चौकटीबाहेरच्या सहजीवनातून झालेल्या मुलींना स्वाभिमानाने वाढवणारी ही आई आहे. मालिकांतील कुटुंबप्रमुख स्त्रीच्या रूपात त्यांना वर्षानुवर्षे पाहिलेल्या प्रेक्षकांना, कुटुंबाच्या रूढ कल्पनेलाच प्रश्न विचारणारी आई त्यांच्याच मुखातून ऐकायला मिळाली.

== चित्रपट ==

=== समांतर चित्रपट आणि 'गांधी' ===

सईद मिर्झा यांच्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) या चित्रपटातून त्यांनी हिंदी चित्रपटसृष्टीत पदार्पण केले. त्यानंतर मिर्झा यांचाच 'अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है' (१९८०) आणि रवींद्र धर्मराज यांचा 'चक्र' (१९८१) हे चित्रपट आले. नाट्य विद्यालय व फिल्म इन्स्टिट्यूट येथून बाहेर पडलेल्या कलावंतांना समांतर चित्रपटाने त्या वर्षांत मोठे क्षेत्र मिळवून दिले. रोहिणी हट्टंगडी या त्याच पिढीच्या प्रतिनिधी होत.

'गांधी' या चित्रपटातील कस्तुरबांच्या भूमिकेसाठी लंडन येथे चाचणी घेण्यात आली. मूळच्या शिरपूरच्या (जि. धुळे) कुटुंबातील स्मिता पाटील तसेच भक्ती बर्वे याही या भूमिकेच्या स्पर्धेत होत्या. अखेर निवड रोहिणी हट्टंगडी यांची झाली. या भूमिकेचा कालपट दक्षिण आफ्रिकेतील तरुण गृहिणीपासून पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्धतेत अखेरचा श्वास घेणाऱ्या वृद्धेपर्यंत पसरलेला आहे. शौचकूप साफ करण्यावरून पतीशी होणारा वाद, आणि पोरबंदर येथे पाहुण्या पत्रकारासमोर पतिपत्नींनी सप्तपदीच्या वचनांचा केलेला पुनरुच्चार हे त्यातील विशेष लक्षात राहणारे प्रसंग होत. पहिल्यात अपमान, संताप आणि अगतिकता आहे. दुसऱ्यात दीर्घ सहवासातून आलेली प्रसन्नता आहे. अत्यंत मोजके संवाद असूनही कस्तुरबा ही केवळ 'महात्म्याची पत्नी' न राहता स्वतंत्र व्यक्ती म्हणून उभी राहते.

या भूमिकेसाठी ब्रिटिश चित्रपट अकादमीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना अमेरिकन अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्यासमवेत विभागून मिळाला.

=== 'अर्थ', 'सारांश' आणि 'पार्टी' ===

महेश भट्ट यांच्या 'अर्थ' (१९८२) या चित्रपटात त्यांनी नायिकेच्या घरी काम करणाऱ्या बाईची भूमिका केली. मुलीला चांगल्या शाळेत घालायचे या एकाच ध्यासाने ती पैसे साठवते आणि तेच पैसे दारुड्या नवऱ्याने पळवल्यावर टोकाचे पाऊल उचलते. मुख्य कथानकातील सुशिक्षित, शहरी स्त्रीच्या दुःखाला समांतर असे हे कष्टकरी स्त्रीचे दुःख त्यांनी कोणताही गहिवर न आणता मांडले. या भूमिकेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

'सारांश' (१९८४) हा भट्ट यांचाच चित्रपट. त्यात निवृत्त मुख्याध्यापक बी. व्ही. प्रधान (अनुपम खेर) आणि त्यांची पत्नी पार्वती हे शिवाजी पार्क परिसरात राहणारे वृद्ध महाराष्ट्रीय दांपत्य आहे. परदेशात शिकणारा त्यांचा एकुलता एक मुलगा लुटारूंच्या हल्ल्यात मारला जातो. पती व्यवस्थेशी झगडत राहतो, तर पार्वती मुलाच्या पुनर्जन्मावरील श्रद्धेला घट्ट धरून बसते. वृद्ध दांपत्य रंगवणारे हे दोन्ही कलावंत प्रत्यक्षात तरुण होते. केस पांढरे केले म्हणजे म्हातारपण येत नाही. ते बसण्या-उठण्यातून, श्वासातून, हाताच्या थांबण्यातून यावे लागते, याचा वस्तुपाठ म्हणून अभिनयाचे विद्यार्थी आजही या चित्रपटाकडे पाहू शकतात.

महेश एलकुंचवार यांच्या नाटकावर आधारित, गोविंद निहलानी दिग्दर्शित 'पार्टी' (१९८४) या चित्रपटात त्यांनी मोहिनी बर्वे ही भूमिका केली. प्रतिष्ठित साहित्यिकाच्या सावलीत स्वतःचे अस्तित्व हरवून बसलेली, मद्याच्या आहारी गेलेली ही एकेकाळची अभिनेत्री आहे. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार प्राप्त झाला.

=== व्यावसायिक हिंदी व दाक्षिणात्य चित्रपट ===

कस्तुरबा आणि पार्वती या भूमिकांच्या यशाची दुसरी बाजूही होती. वृद्धेच्या भूमिका प्रभावीपणे करणारी अभिनेत्री अशी ओळख ऐन तारुण्यात पक्की झाल्याने व्यावसायिक हिंदी चित्रपटांत त्यांच्याकडे प्रामुख्याने आईच्या भूमिका येत गेल्या. मुकुल आनंद यांच्या 'अग्निपथ' (१९९०) मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. प्रत्यक्षात बच्चन त्यांच्याहून वयाने मोठे आहेत. गुन्हेगारीच्या वाटेने गेलेल्या मुलाला न स्वीकारणारी, तत्त्वनिष्ठ शिक्षकाची ही विधवा त्यांनी करारीपणाने उभी केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' (२००३) या चित्रपटातील मुन्नाची साधीभोळी आई ही त्यांची आणखी एक लोकप्रिय भूमिका.

'चालबाज' (१९८९) मात्र या साच्याला अपवाद ठरला. त्यात पुतणीचा छळ करणारी दुष्ट पण हास्यास्पद काकू अंबा त्यांनी भडक विनोदी शैलीत रंगवली. त्यांच्या गंभीर भूमिकाच पाहिलेल्या प्रेक्षकांना हा बदल अनपेक्षित होता.

दक्षिणेत 'अच्चुवेट्टन्टे वीडु' (मल्याळम, १९८७) आणि अक्किनेनी नागेश्वर राव यांच्यासमवेतचा 'सीतारामय्यागारी मनवरालु' (तेलुगू, १९९१) हे त्यांचे विशेष उल्लेखनीय चित्रपट आहेत.

=== 'बाईपण भारी देवा' ===

केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' (२०२३) या मराठी चित्रपटात मंगळागौरीच्या स्पर्धेच्या निमित्ताने एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची कथा आहे. त्यांतील जया ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर आणि दीपा परब या अन्य अभिनेत्री होत्या. मध्यम व उतारवयातील स्त्रियाच नायिका असलेल्या या चित्रपटाला, विशेषतः महिला प्रेक्षकांचा, मोठा प्रतिसाद मिळाला.

== दूरचित्रवाणी ==

=== पार्श्वभूमी ===

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभीच्या दोन-अडीच दशकांत मराठी मालिका प्रायः आठवड्यातून एकदा प्रसारित होत आणि त्यांचे भाग मर्यादित असत. दूरदर्शनवरील 'दामिनी' या मालिकेने मराठीत दैनंदिन मालिकेचा पाया घातला. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी (नंतरचे झी मराठी) आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी (नंतरचे कलर्स मराठी) या खासगी वाहिन्या सुरू झाल्यावर दैनंदिन मालिका हा संध्याकाळच्या कार्यक्रमांचा कणा बनला.

या बदलाने कलावंतांच्या कामाचे स्वरूप पालटले. नाटकात तालमीनंतर संपूर्ण भूमिका हाती येते. चित्रपटात निदान कथेचा शेवट ठाऊक असतो. दैनंदिन मालिकेत मात्र पात्र पुढे कसे वागणार, हे प्रेक्षकांच्या प्रतिसादावर व टीआरपीच्या आकड्यांवर ठरत जाते. संवाद पुष्कळदा चित्रीकरणाच्या दिवशीच हाती पडतात. एका दिवसात वेगवेगळ्या भागांतील प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात. प्रसारण खंडित होऊ नये म्हणून काही भाग आगाऊ तयार ठेवावे लागतात. अशा परिस्थितीत पात्राचा स्वभाव वर्षानुवर्षे सुसंगत राखणे ही जबाबदारी लेखक-दिग्दर्शकांइतकीच, किंबहुना त्यांहूनही अधिक, कलावंतावर येऊन पडते. कारण दीर्घ मालिकेत लेखक व दिग्दर्शक बदलतात, चेहरा मात्र तोच राहतो.

=== 'चार दिवस सासूचे' ===

'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' या म्हणीवरून नाव घेतलेली ही मालिका २००१ मध्ये ईटीव्ही मराठी वाहिनीवर सुरू झाली आणि २०१३ च्या आरंभी संपली. तीन हजारांहून अधिक भाग प्रसारित झालेली ही मालिका सर्वाधिक काळ चाललेल्या मराठी मालिकांपैकी एक आहे. श्रीमंत देशमुख कुटुंबातील कर्तबगार सासूची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी, तर सून अनुराधा हिची भूमिका कविता लाड यांनी केली.

सासू-सुनेचा संघर्ष हा विषय नवा नव्हता. म्हणीतला अर्थ मात्र मालिकेच्या दीर्घ कालावधीला पोषक ठरला. आज जिच्या हाती किल्ल्या आहेत तिला त्या उद्या दुसरीच्या हाती द्याव्याच लागणार, हे त्या म्हणीचे मर्म. रोहिणी हट्टंगडी यांनी सासूला एकसुरी खलनायिका होऊ दिले नाही. घराण्याची प्रतिष्ठा जपण्याचा हट्ट, सत्ता हातून निसटण्याची भीती आणि मुलांवरील खरे प्रेम हे तिन्ही धागे त्यांनी एकत्र राखले. त्यामुळे सासूचा राग आला तरी ती परकी वाटत नसे.

या मालिकेचे सामाजिक महत्त्व तिच्या प्रसाराच्या व्याप्तीतही आहे. व्यावसायिक नाटकांचे दौरे मुख्यतः मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांभोवती फिरतात. खानदेश, मराठवाडा, विदर्भ येथील लहान गावांत ते क्वचितच पोहोचतात. समांतर चित्रपटही तेथील चित्रपटगृहांत फारसे लागत नसत. त्यामुळे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेल्या, आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या अभिनेत्रीचे काम ग्रामीण प्रेक्षकाला नियमितपणे पाहायला मिळाले ते मालिकेमुळेच. अनेक प्रेक्षकांनी त्यांना प्रथम देशमुखांच्या घरातील सासू म्हणून ओळखले आणि कस्तुरबा म्हणून नंतर.

=== 'होणार सून मी ह्या घरची' ===

जुलै २०१३ ते जानेवारी २०१६ या काळात झी मराठी वाहिनीवर प्रसारित झालेल्या या मालिकेचे दिग्दर्शन मंदार देवस्थळी यांनी केले. बँकेत नोकरी करणारी जान्हवी (तेजश्री प्रधान) आणि गोखले गृहउद्योगाचा वारस श्री (शशांक केतकर) ही मुख्य जोडी होती. श्रीच्या घरात एक नव्हे, तर सहा 'आया' आहेत; म्हणजेच जान्हवीला सहा सासवा. या स्त्रीप्रधान घराची प्रमुख भागीरथीबाई, अर्थात 'आईआजी', ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली.

आधीच्या मालिकेतील सासू आणि ही आजेसासू यांची तुलना उद्बोधक आहे. दोघींच्याही हाती घराची सत्ता आहे. पहिली ती टिकवण्यासाठी झगडते. दुसरी ती वाटून घेते. स्वतःच्या हिमतीवर उद्योग उभारणारी, नातसुनेचे म्हणणे ऐकून घेणारी आणि प्रसंगी स्वतःचा निर्णय बदलणारी आईआजी प्रेक्षकांना वडीलधाऱ्या स्त्रीचे वेगळे रूप दाखवून गेली. पहिल्या भूमिकेत त्यांचा आवाज चढा, वाक्यांचा शेवट ठासून केलेला असे. दुसरीत तोच आवाज मऊ, थांबत-थांबत येणारा होता. एकाच अभिनेत्रीने लागोपाठच्या दोन दीर्घ मालिकांत हा फरक राखला, हे विशेष होय.

== अभिनयशैली ==

रोहिणी हट्टंगडी यांच्या अभिनयाची काही ठळक वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील.

* '''वयाची निर्मिती''' : स्वतःच्या वयाहून फार मोठ्या वयाच्या व्यक्तिरेखा त्यांनी रंगभूषेपेक्षा हालचालींच्या गतीतून व बोलण्याच्या लयीतून उभ्या केल्या.
* '''ऐकण्याचा अभिनय''' : समोरचे पात्र बोलत असताना त्यांचा चेहरा प्रतिसाद देत राहतो. 'सारांश'मध्ये आणि 'गांधी'मध्ये त्यांचे सर्वांत प्रभावी क्षण पुष्कळदा शब्दांविना आले आहेत.
* '''भाषिक अष्टपैलुत्व''' : मराठी, हिंदी, इंग्रजी, मल्याळम, तेलुगू अशा अनेक भाषांतील निर्मितींत त्यांनी काम केले आहे.
* '''माध्यमभान''' : रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा आवाज आणि कॅमेऱ्यासमोर पापणीच्या हालचालीवर भागवणारा संयम या दोन परस्परविरोधी गरजा त्यांनी सारख्याच सहजतेने सांभाळल्या.

== मूल्यमापन ==

मराठी समीक्षेत नाटक आणि चित्रपट यांतील अभिनयाची चर्चा विपुल झाली आहे; दैनंदिन मालिकेतील अभिनयाला मात्र तितके गांभीर्याने घेतले गेलेले नाही. मालिकांवर होणारी टीका बहुधा लांबलेले कथानक, दागिने-पैठण्यांचा थाट आणि कौटुंबिक कारस्थाने यांवर केंद्रित असते. ही टीका अनाठायी नाही. तथापि तिच्यामुळे कलावंतांचे श्रम व कौशल्य दृष्टीआड होते. नाटकाचा प्रयोग त्या रात्रीपुरता असतो आणि चित्रपट पुन्हा पाहता येतो. मालिकेचा भाग मात्र प्रसारित झाला की बहुतांशी विस्मरणात जातो. हजारो भागांतून उभी केलेली भूमिका एकसंध स्वरूपात नंतर कोणी पाहत नाही. म्हणूनच बारा वर्षांच्या भूमिकेपेक्षा दोन-तीन तासांच्या चित्रपटातील भूमिकाच इतिहासात नोंदली जाण्याची शक्यता अधिक असते.

रोहिणी हट्टंगडी यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. माध्यमांची उच्चनीचता त्यांच्या निवडींत आढळत नाही. मालिका चालू असताना आणि ती संपल्यावरही त्या नाटकाकडे वळत राहिल्या. नाटकात मिळवलेली शिस्त त्यांनी मालिकेच्या धावपळीत उपयोगी आणली. तरुणपणी आईच्या भूमिकांत अडकल्याने नायिकापदाच्या संधी मर्यादित झाल्या, हे खरे. परंतु उतारवयात अनेक समकालीन अभिनेत्रींना कामे मिळेनाशी होत असताना त्यांच्याकडे 'आईआजी', 'चारचौघी'मधील आई आणि जया अशा मध्यवर्ती भूमिका आल्या.

== पुरस्कार आणि सन्मान ==

* बाफ्टा पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री – 'गांधी' (विभागून)
* फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री – 'अर्थ'
* राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री – 'पार्टी'
* फिल्मफेअर पुरस्कार, सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्री – 'अग्निपथ'
* संगीत नाटक अकादमी पुरस्कार, अभिनय (२००४)
* विष्णुदास भावे गौरव पदक, सांगली (२०१९)

== निवडक कामे ==

=== नाटके ===

* चांगुणा
* मेडिआ
* कस्तुरीमृग
* मित्राची गोष्ट (१९८१)
* अपराजिता (एकपात्री)
* चारचौघी (नवा संच, २०२२)

=== चित्रपट ===

* अरविंद देसाई की अजीब दास्तान (हिंदी, १९७८)
* अल्बर्ट पिंटो को गुस्सा क्यों आता है (हिंदी, १९८०)
* चक्र (हिंदी, १९८१)
* गांधी (इंग्रजी, १९८२) – कस्तुरबा गांधी
* अर्थ (हिंदी, १९८२) – घरकाम करणारी बाई
* सारांश (हिंदी, १९८४) – पार्वती प्रधान
* पार्टी (हिंदी, १९८४) – मोहिनी बर्वे
* अच्चुवेट्टन्टे वीडु (मल्याळम, १९८७)
* चालबाज (हिंदी, १९८९) – अंबा
* अग्निपथ (हिंदी, १९९०) – सुहासिनी चौहान
* सीतारामय्यागारी मनवरालु (तेलुगू, १९९१)
* मुन्नाभाई एम.बी.बी.एस. (हिंदी, २००३) – मुन्नाची आई
* बाईपण भारी देवा (मराठी, २०२३) – जया

=== दूरचित्रवाणी मालिका ===

* चार दिवस सासूचे (ईटीव्ही मराठी, २००१–२०१३)
* होणार सून मी ह्या घरची (झी मराठी, २०१३–२०१६) – भागीरथीबाई गोखले ('आईआजी')